मेर्त्स यांचं ‘अमेरिकेपासून स्वातंत्र्य’ आणि एफ-३५ विमानं: हे ढोंग आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. २३ फेब्रुवारी २०२५ च्या रात्री निवडणूक जिंकल्या जिंकल्या, पुढे जर्मनीचे चॅन्सेलर म्हणजे सरकारप्रमुख झालेले फ्रीडरिश मेर्त्स टीव्हीवर म्हणाले की युरोपला लवकरात लवकर मजबूत करून टप्प्याटप्प्याने अमेरिकेपासून खरंखुरं स्वातंत्र्य मिळवायचंय. तेच मेर्त्स जूनमध्ये ट्रम्प यांच्या आजोबांचा जन्मदाखला चौकटीत घालून व्हाइट हाउसला गेले. अमेरिकी एफ-३५ विमानांची खरेदी त्यांनी रद्द केली नाही. जुलैमध्ये युरोपच्या मालावर १५ टक्के आयातशुल्क लावणारा करार झाला, त्याचंही त्यांनी स्वागत केलं. मग हे ढोंग नाही तर काय? आणि पुण्यात बसून आंतरराष्ट्रीय संबंधांचा अभ्यास करताना जर्मन नेत्यांच्या नेमक्या कोणत्या बोलण्यावर विसंबायचं?

मी बरीच वर्षं बर्लिनमध्ये जर्मन संसदेची आणि मंत्रालयांची कागदपत्रं वाचून कंपन्या-संस्थांना अहवाल करून देते. त्यामुळे माझी नजर हिशेबनिसाची आहे. भाषणं मी वाचते, पण शेवटी वाचते. मुत्सद्देगिरीत आयुष्य घालवलेला माणूस याच प्रश्नाचं उत्तर वेगळं देईल, आणि तेही चूक नसेल.

माझ्या मते हे ढोंग नाही. पण तुम्ही ‘अमेरिकेवरचं अवलंबित्व’ ही एकच गोष्ट धरून चालला आहात आणि घोडं तिथेच पेंड खातंय. जर्मनीचं अवलंबित्व निदान तीन प्रकारचं आहे. पहिलं पाच-सात वर्षांत पैशाने सुटू शकतं. दुसरं पैसा ओतूनही पंधरा-वीस वर्षं घेईल. तिसरं पैशाने सुटतच नाही, कारण तिथे आंतरराष्ट्रीय करार आडवे येतात. मेर्त्स यांचं वाक्य पहिल्याबद्दल खरं आहे, दुसऱ्याबद्दल अर्धवट खरं आहे आणि तिसऱ्याबद्दल जवळपास लागूच होत नाही. एफ-३५ नेमकी या तिसऱ्या खात्यात बसते.

पण आधी पैशाबद्दल, कारण जर्मनीत परराष्ट्र धोरणाचा खरा दरवाजा तिथे आहे.

असं वाक्य जर्मनीने पहिल्यांदा ऐकलं असं मुळीच नाही. २८ मे २०१७ रोजी म्युनिकच्या ट्रुडरिंग भागातल्या एका बिअरच्या तंबूत तेव्हाच्या चॅन्सेलर अंगेला मेर्केल यांनी जवळपास हेच सांगितलं होतं: दुसऱ्यांवर पूर्णपणे विसंबून राहण्याचे दिवस काहीसे सरले आहेत, युरोपियनांनी आपलं नशीब आपल्या हाती घ्यायला हवं. जगभर मथळे झाले. त्या वर्षी जर्मनीचा संरक्षणखर्च सकल उत्पादनाच्या सुमारे सव्वा टक्का होता. त्या भाषणानंतर राज्यघटनेतला एक स्वल्पविरामही बदलला नाही, आणि रशियाकडून गॅस आणणाऱ्या दुसऱ्या नॉर्ड स्ट्रीम वाहिनीचं काम अमेरिकेच्या विरोधाला न जुमानता पुढे रेटलं गेलं. बोलाची कढी, बोलाचाच भात.

आता २०२५ बघा. २८ फेब्रुवारीला व्हाइट हाउसमध्ये कॅमेऱ्यांसमोर ट्रम्प आणि झेलेन्स्की यांची खडाजंगी झाली. मार्चच्या पहिल्या आठवड्यात अमेरिकेने युक्रेनची लष्करी मदत थांबवली, पाठोपाठ गुप्त माहिती देणंही काही दिवस बंद केलं. बर्लिनमधल्या माणसांना हादरा बसला तो या दुसऱ्या गोष्टीने. रणगाडे नाहीत तर नाहीत, पण क्षेपणास्त्र येतंय हे सांगणारा डोळाच कुणी एका फोनवर मिटू शकतो, हे त्यांनी प्रत्यक्ष पाहिलं. ४ मार्चच्या संध्याकाळी मेर्त्स यांचा ख्रिश्चन डेमोक्रॅटिक गट आणि सोशल डेमोक्रॅट यांनी संयुक्त घोषणा केली: संरक्षणावरचा खर्च सकल उत्पादनाच्या एक टक्क्याच्या वर गेला की तो वरचा भाग राज्यघटनेतल्या कर्जमर्यादेतून वगळायचा. शिवाय पायाभूत सुविधांसाठी ५०० अब्ज युरोंचा वेगळा निधी, दहा वर्षांसाठी. पुढे ती मुदत बारा वर्षं झाली.

याचं वजन कळायला ती कर्जमर्यादा काय आहे हे सांगायला हवं. २००९ मध्ये जर्मनीने राज्यघटनेतच लिहून टाकलं की केंद्र सरकारची संरचनात्मक तूट, म्हणजे तेजी-मंदीचा परिणाम वगळून उरणारी तूट, सकल उत्पादनाच्या ०.३५ टक्क्यांपलीकडे जायची नाही. मेर्त्स यांच्या पक्षासाठी हे कुळाचारासारखं होतं, आणि प्रचारातही त्यांचा सूर तो मोडायचा नाही असाच होता. निकालानंतर दहा दिवसांत त्यांनी तो मोडला. मतदारांना फसवलं म्हणून त्यांच्यावर झोड उठली, ती आजही थांबलेली नाही. राजकारणी माणूस एवढी किंमत तोंडदेखल्या वाक्यासाठी मोजत नाही.

आणि हे झालं कसं, ते तर ऐकण्यासारखं आहे. राज्यघटना बदलायला दोन तृतीयांश मतं लागतात. नव्या बुंडेस्टागमध्ये, म्हणजे संसदेच्या लोकनियुक्त सभागृहात, ६३० जागा. त्यात अतिउजवा एएफडी पक्ष १५२ आणि डावा पक्ष ६४, म्हणजे २१६. हे दोघे मिळून कुठलीही दुरुस्ती अडवू शकत होते, कारण त्यासाठी २११ पुरतात. म्हणून नवी संसद २५ मार्चला बसायच्या आत जुन्याच, मतदारांनी निरोप दिलेल्या संसदेला परत बोलावलं. तिथे ७३३ सदस्य होते आणि ४८९ मतं हवी होती. ग्रीन पक्षाशिवाय आकडा जुळत नव्हता, तेव्हा ग्रीन पक्षाने त्या ५०० अब्जांतले १०० अब्ज हवामान निधीसाठी वळवून घेतले. १८ मार्चला ५१२ विरुद्ध २०६ मतांनी दुरुस्ती झाली, २१ तारखेला राज्यांच्या सभागृहानेही ती मंजूर केली. शुद्ध लोकशाहीच्या दृष्टीने हा प्रकार नाक मुरडण्यासारखाच आहे. घटना न्यायालयाने अडवला नाही, एवढंच. पण तुमच्या प्रश्नासाठी महत्त्वाचं हे की मेर्त्स चॅन्सेलर व्हायच्या आधीच त्यांच्या वाक्यामागे पैसा उभा राहिला होता. दुरुस्तीची शब्दरचनाही बघा. ‘संरक्षण’ म्हणजे फक्त सैन्य नाही. नागरी संरक्षण, गुप्तचर यंत्रणा, संगणकीय सुरक्षा आणि आंतरराष्ट्रीय कायदा मोडून ज्याच्यावर हल्ला झालाय अशा देशाला दिलेली मदत, हे सगळं त्यात बसवलंय. युक्रेनचं नाव न घेता युक्रेनची सोय लावली आहे.

तरी कर्ज काढायची मुभा मिळाली म्हणजे तोफ मिळाली असं नसतं. मध्ये एक चाळणी आहे, आणि माझ्या कामाचा बराच वेळ तिच्यापाशी जातो. संरक्षण मंत्रालयाला अडीच कोटी युरोंच्या वरचा कुठलाही करार करायचा असेल तर तो आधी बुंडेस्टागच्या अर्थसंकल्प समितीपुढे जातो. प्रस्ताव संरक्षण मंत्रालय तयार करतं, अर्थमंत्रालय तो पुढे पाठवतं, आणि समितीतले खासदार त्यावर मान डोलावतात किंवा अटी घालतात. अटी घालतात हे विसरू नका. अमुक वितरण वेळेवर झालं नाही तर पुढचा हप्ता रोखा, तमुक भाग देशात बनला पाहिजे, असलं बारीक कलमांचं काम इथे चालतं. बरेचसे प्रस्ताव गोपनीय असतात, पण कोणते विषय येणार याची यादी पत्रकारांकडे आधीच पोचलेली असते, आणि नाताळच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या बैठकीत नेहमी गर्दी उसळते. डिसेंबर २०२५ मध्ये या समितीने एका फटक्यात सुमारे ५० अब्ज युरोंचे करार मंजूर केले. आणि त्यातली सगळ्यात मोठी रक्कम कशासाठी होती? सैनिकांचे कपडे आणि अंगावरचं संरक्षक साहित्य. २० अब्जांहून जास्त! मथळ्यांत क्षेपणास्त्रं, यादीत गणवेश आणि चिलखतं. जर्मन सैन्याची गेल्या तीस वर्षांत काय अवस्था झाली होती, ते या एका नोंदीतून जेवढं कळतं तेवढं दहा परिसंवादांतून कळत नाही.

आता ती तीन खाती.

पहिल्या खात्यात तोफगोळे येतात. लोअर सॅक्सनीतल्या उंटरल्यूस या गावी राइनमेटाल कंपनीचा नवा कारखाना ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाला. पायाभरणी फेब्रुवारी २०२४ ची, म्हणजे दीड वर्षात उभा राहिला. ज्या देशात बर्लिनचा विमानतळ चौदा वर्षं बांधत होते तिथे हे नवलच. २०२७ पर्यंत वर्षाला साडेतीन लाख १५५ मिलिमीटर गोळ्यांची क्षमता गाठायचं उद्दिष्ट आहे. इथे अमेरिकेवर विसंबून राहण्याची गरज खरोखरच कमी होत जाईल. दारूगोळा, चिलखती गाड्या, रणगाडे, पाणबुड्या: यांत जर्मन उद्योग मुळातच दादा आहे, त्याला फक्त दीर्घ मुदतीच्या ऑर्डरी हव्या होत्या.

याच खात्यात मी माणसं धरली असती, पण धरत नाही. लिथुआनियात जर्मनी सुमारे पाच हजारांची कायमची ब्रिगेड उभी करतोय, २०२७ पर्यंत. मे २०२५ मध्ये व्हिल्नियसला तिचा औपचारिक समारंभ झाला, मेर्त्स स्वतः हजर होते. पण एकूण सैन्य एक लाख ऐंशी हजारांच्या आसपास अडकून पडलंय आणि लक्ष्य आहे दोन लाख साठ हजारांचं. सक्तीची लष्करी सेवा २०११ मध्ये स्थगित झाली. डिसेंबर २०२५ मध्ये नवा कायदा झाला, त्यात अठरा वर्षांच्या मुलांना प्रश्नावली भरून देणं बंधनकारक आहे, भरती होणं मात्र ऐच्छिक. पैसा आहे, पोरं येत नाहीत. राज्यघटनेत दुरुस्ती करून हे सुटत नाही.

दुसरं खातं: हवाई संरक्षण, उपग्रह, लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रं, माहिती गोळा करणं. इथलं चित्र गुंतागुंतीचं आहे. बव्हेरियात श्रोबेनहाउजेनला पॅट्रियट या हवाई संरक्षण यंत्रणेची क्षेपणास्त्रं बनवण्याचा कारखाना उभा राहतोय, अमेरिकी कंपनीच्या भागीदारीत. नॉर्थ राइन-वेस्टफालियातल्या वेझे इथे राइनमेटालने जुलै २०२५ मध्ये जो कारखाना उघडला, तिथे एफ-३५ च्या धडाचा मधला भाग बनणार आहे. म्हणजे तुम्ही ज्या विमानाकडे लाचारीची खूण म्हणून बघताय, त्याच्यावर जर्मन कामगारांचं पोट चालणार आहे. हे स्वातंत्र्य की गुलामी? दोन्ही शब्द इथे तोकडे पडतात. इस्रायलकडून घेतलेली अ‍ॅरो-३ ही क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणाही तशीच. ती अमेरिकेसोबत विकसित झालेली असल्यामुळे विक्रीला वॉशिंग्टनची परवानगी लागली. फ्रान्ससोबत २०१७ मध्ये जाहीर केलेलं पुढच्या पिढीचं लढाऊ विमान मात्र एअरबस आणि दासो या दोन कंपन्यांच्या भांडणात रुतून बसलं. युरोपियन पर्याय नाही म्हणून अमेरिकी माल घेतात, हे अर्ध सत्य. उरलेलं अर्ध हे की युरोपियन पर्याय बनवायला बसले की कोणाच्या कारखान्यात किती काम, यावरूनच वर्षं निघून जातात.

तिसरं खातं अण्वस्त्रांचं. इथे थोडं थांबावं लागेल, कारण तुमच्या प्रश्नाचा काटा इथे आहे.

आयफेलच्या डोंगराळ भागात ब्यूखेल नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या हवाई तळावर अमेरिकी बी-६१ अणुबॉम्ब ठेवलेले आहेत, हे उघड गुपित आहे. कुठलंही जर्मन सरकार अधिकृत दुजोरा देत नाही. युद्धाची वेळ आली आणि अमेरिकी अध्यक्षांनी परवानगी दिली, तर ते बॉम्ब जर्मन वैमानिक जर्मन विमानातून नेतील, अशी नाटोतली ही व्यवस्था आहे. हे काम आजवर टोर्नाडो विमानं करत आली, आणि ती म्हातारी झाली आहेत. त्यांच्या जागी कुठलं विमान, यावर बर्लिनमध्ये वर्षानुवर्षं काथ्याकूट चालला. युरोपचं स्वतःचं युरोफायटर का नाही? कारण अमेरिकी बॉम्ब वाहायचा तर विमानाला अमेरिकेचं प्रमाणपत्र हवं, त्यासाठी विमानाची आतली तांत्रिक माहिती अमेरिकेपुढे उघडी करावी लागते, आणि त्यात जी वर्षं जातील तोवर टोर्नाडो टिकणार नाहीत. युक्रेनवर हल्ला झाल्यावर तीन आठवड्यांच्या आत, मार्च २०२२ मध्ये, मेर्त्स यांच्या आधीचे चॅन्सेलर शोल्त्स यांच्या सरकारने ३५ एफ-३५ घ्यायचं ठरवलं. डिसेंबरमध्ये अर्थसंकल्प समितीने शिक्का मारला. सुमारे १० अब्ज युरो. ब्यूखेलची धावपट्टी आणि इमारती नव्याने बांधायला घेतल्या, तोवर टोर्नाडोंचा मुक्काम न्योर्व्हेनिशच्या तळावर हलवला.

म्हणजे मेर्त्स यांनी हा करार केलाच नव्हता. त्यांना तो मिळाला. रद्द करता आला असता का? कायद्याने बहुधा आला असता, पैसे बुडवून. पण रद्द करणं म्हणजे नाटोच्या अणुव्यवस्थेतून बाहेर पडणं, आणि त्यानंतर काय? स्वतःचा बॉम्ब जर्मनी बनवू शकत नाही. अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर त्याची सही आहे. त्याहून पक्कं म्हणजे जर्मन एकीकरणाचा १९९० चा ‘दोन अधिक चार’ करार, ज्यात जर्मनीने अण्वस्त्रं, जैविक आणि रासायनिक अस्त्रं यांवर कायमचं पाणी सोडलं. त्याच करारात सैन्याची कमाल संख्या ३ लाख ७० हजार ठरलेली आहे. उरला फ्रान्सचा आसरा. फेब्रुवारी २०२६ मध्ये म्युनिकच्या सुरक्षा परिषदेत मेर्त्स यांनी सांगितलं की फ्रान्सचे अध्यक्ष मॅक्रों यांच्याशी युरोपियन अणुसंरक्षणावर आपली बोलणी सुरू आहेत. चॅन्सेलरने हे जाहीरपणे बोलणं ही मोठी गोष्ट आहे. पण फ्रान्सचा बॉम्ब टाकायचा की नाही हे फ्रान्सचाच अध्यक्ष ठरवणार, आणि पुढचा अध्यक्ष कोण असेल हे जर्मन मतदारांच्या हातात नाही. एका परक्या राजधानीवरचा भरवसा काढून दुसरीवर ठेवायचा, एवढाच त्यात फरक. म्हणून मेर्त्स एका हाताने पॅरिसचं दार ठोठावतात आणि दुसऱ्या हाताने ब्यूखेलचं कुलूप जपतात. यात विसंगती दिसते खरी, पण त्यांच्या जागी कुणीही हेच केलं असतं. ग्रीन पक्षानेही केलं: २०२२ मध्ये सरकारात तेही होते, आणि अण्वस्त्रविरोधी चळवळीतून जन्मलेल्या त्या पक्षाने एफ-३५ ला मान डोलावली.

व्यापाराकडे येऊ. इथे तुमची अपेक्षाच चुकीच्या माणसाकडून आहे. जर्मनीला स्वतंत्र व्यापार धोरण नाही. आयातशुल्काची बोलणी युरोपियन आयोग करतो, सत्तावीस देशांच्या वतीने. २७ जुलै २०२५ रोजी स्कॉटलंडमधल्या टर्नबेरीला ट्रम्प यांच्यासमोर बसल्या होत्या त्या आयोगाच्या अध्यक्ष उर्झुला फॉन डेर लायन, मेर्त्स नव्हेत. मेर्त्स यांनी स्वागत का केलं? गाड्या. अमेरिकेत जाणाऱ्या युरोपियन गाड्यांवर तेव्हा २७.५ टक्के शुल्क बसत होतं, ते १५ वर आलं. एप्रिलपूर्वी ते अडीच टक्के होतं, त्या मानाने हा तोटाच, आणि जर्मन उद्योग महासंघाने तसं चिडून म्हटलंही. पण २०२४ मध्ये अमेरिका जर्मनीचा पहिल्या क्रमांकाचा व्यापारी भागीदार होता, चीनलाही मागे टाकून, आणि जर्मनीची त्यातली शिल्लक ७० अब्ज युरोंच्या घरात होती. एवढा माल विकणाऱ्याने गिऱ्हाइकाशी भांडण किती ताणायचं? फ्रान्सने त्या करारावर तोंडसुख घेतलं, कारण फ्रान्सच्या गाड्या तिकडे फारशा विकल्याच जात नाहीत.

जर्मन मुत्सद्दी अमेरिकेत नेमके कुठे फिरतात, हेही एकदा बघा. वॉशिंग्टनइतकेच साउथ कॅरोलायनात, अलाबामात, टेनेसीत. बीएमडब्ल्यूचा जगातला सगळ्यात मोठा कारखाना साउथ कॅरोलायनातल्या स्पार्टनबर्गला आहे, मर्सिडीजचा टस्कलूसाजवळ, फोक्सवॅगनचा चॅटनूगाला. ही सगळी रिपब्लिकन पक्षाची राज्यं. तिथला राज्यपाल किंवा सिनेटर जे ट्रम्प यांच्या कानात सांगू शकतो, ते बर्लिनचा परराष्ट्रमंत्री सांगू शकत नाही.

आणि गरज एकतर्फी नाही. राइनलँड-फाल्त्समधला रामश्टाइन तळ, त्याला लागून लांडश्टूलचं लष्करी रुग्णालय, श्टुटगार्टमधली अमेरिकेची युरोप आणि आफ्रिका अशी दोन लष्करी मुख्यालयं, बव्हेरियात ग्राफेनव्योरची सरावभूमी. आखातात किंवा आफ्रिकेत अमेरिकेला काही करायचं तर वाट इथून जाते. ट्रम्प यांनी २०२० मध्ये जर्मनीतून सुमारे १२ हजार सैनिक हलवायचं जाहीर केलं होतं, बायडन यांनी ते थांबवलं. डिसेंबर २०२५ च्या संरक्षण कायद्यात अमेरिकी काँग्रेसनेच अट घातली की युरोपातलं सैन्य ७६ हजारांखाली दीर्घकाळ न्यायचं असेल तर आधी कारणं आणि प्रमाणपत्रं द्या. बर्लिनला हे पत्ते माहीत आहेत. तो ते ओरडून खेळत नाही, एवढंच. जन्मदाखल्याची भेट मला त्यातलीच वाटते. ट्रम्प यांचे आजोबा १८६९ साली काल्श्टाट या द्राक्षमळ्यांच्या गावात जन्मले, ते गाव रामश्टाइनच्याच राज्यात आहे. चौकटीला किती युरो लागले असतील? परराष्ट्र खात्याचा हा सगळ्यात स्वस्त खर्च असावा.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे, ते. माझं वरचं सगळं विवेचन एका गोष्टीवर उभं आहे: युतीचं सरकार टिकलं पाहिजे. सत्ताधाऱ्यांकडे ३२८ जागा आहेत, बहुमताला ३१६ लागतात. ६ मे २०२५ ला चॅन्सेलरपदाच्या पहिल्या फेरीत मेर्त्स यांना ३१० च मतं पडली. संघराज्याच्या इतिहासात असं कधी झालं नव्हतं. गुप्त मतदान होतं, कुणी दगा दिला ते आजही उघड नाही. दुपारी दुसऱ्या फेरीत निवडून आले. सोशल डेमोक्रॅट पक्षाचा एक गट शस्त्रसज्जतेवर नाराज आहे, मेर्त्स यांच्याच पक्षातली तरुण मंडळी निवृत्तिवेतनाच्या खर्चावरून बंडाच्या पवित्र्यात आली होती. संरक्षणासाठी कर्ज खुलं आहे, पण व्याज नेहमीच्या अर्थसंकल्पातूनच जाणार. ते वाढत गेलं की भांडण ‘अमेरिका की युरोप’ असं राहणार नाही, ‘तोफा की पेन्शन’ असं होईल.

दुसरी अनिश्चितता अमेरिकेकडूनच जर्मन राजकारणात येते. फेब्रुवारी २०२५ मध्ये, मतदानाला नऊ दिवस उरलेले असताना, उपाध्यक्ष व्हान्स यांनी म्युनिकमध्ये येऊन जर्मन पक्षांना एएफडीभोवती घातलेलं कुंपण, म्हणजे त्या पक्षाशी हातमिळवणी न करण्याचा पण, काढायला सांगितलं आणि त्या पक्षाच्या आलिस वायडेल यांची भेटही घेतली. मे महिन्यात अंतर्गत गुप्तचर खात्याने एएफडीला निश्चित अतिउजवा पक्ष ठरवलं, तर अमेरिकी परराष्ट्रमंत्री रुबिओ यांनी त्या निर्णयाला जुलूमशाही म्हटलं. मेर्त्स हे मुळातले अमेरिकाप्रेमी. २००९ ते २०१९ अशी दहा वर्षं ते अटलांटिक-ब्रुके या जर्मन-अमेरिकी मैत्रीच्या संस्थेचे अध्यक्ष होते, शिवाय ब्लॅकरॉक या अमेरिकी गुंतवणूक कंपनीच्या जर्मन शाखेतही. त्यांच्या तोंडून स्वातंत्र्याची भाषा आली तेव्हा बर्लिनमधल्या जुन्या मंडळींनी कान टवकारले, ते यामुळे. डाव्या पक्षातलं कुणी हे बोललं असतं तर कुणी पेपरही खाली ठेवला नसता.

तुम्ही जाता जाता विचारलंय की भारतात बसून याचा काय उपयोग. एक उदाहरण देते. मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये भारतीय नौदलासाठी जर्मन रचनेच्या सहा पाणबुड्या बांधायची योजना आहे, टिसनक्रुप मरीन सिस्टिम्सबरोबर. त्याचं काय होणार हे बघताना नेत्यांच्या गळाभेटीचे फोटो बाजूला ठेवा. शस्त्रनिर्यातीचे मोठे निर्णय चॅन्सेलरच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय मंत्र्यांची एक छोटी परिषद बंद दाराआड घेते. तिथेही चाळणी तशीच: कोण बोललं यापेक्षा कोणत्या कागदावर कोणाची सही बाकी आहे.

अभ्यासासाठी काय वाचावं, तर बुंडेस्टागच्या संकेतस्थळावर प्रत्येक विधेयक मोफत मिळतं. जर्मन अजून कच्चं असेल तरी चालेल, भाषांतराचं साधन लावा आणि फक्त पहिली दोन पानं वाचा. त्यांचा साचा ठरलेला असतो: अ मध्ये अडचण आणि उद्दिष्ट, ब मध्ये उपाय, क मध्ये पर्याय, ड मध्ये सरकारी तिजोरीवरचा खर्च. ‘क’ खाली बहुतेक वेळा एकच शब्द सापडेल: ‘नाहीत’. त्याच्यावर वेळ घालवू नका. ‘ड’ खालचं कोष्टक काढा, कोणत्या वर्षी किती रक्कम टाकली आहे ते वहीत उतरवा, आणि मग त्याच आठवड्यातलं मंत्र्याचं भाषण लावून ऐका. पहिल्या सेमिस्टरला एवढं पुरे. अर्थसंकल्प समितीच्या बैठकांच्या तारखाही तिथेच मिळतात. डिसेंबरमधली शेवटची चुकवू नका.